भोपळा आणि गिळलेलं वादळ

मेलान्या त्या सभागृहात शिरली ती संगीतासाठी नव्हे, पावसामुळे. युक्रेनमधल्या ल्वीव्ह शहराचा पाऊस असाच — न सांगता येतो, आणि छत्री नेमकी घरी असते. ती दारात वेणी पिळत उभी होती, तेवढ्यात पडद्याआडून काळ्या कोटातला एक उंच तरुण धावत आला.

“स्वरलिपी वाचता येते?”

“लहानपणी शिकले होते… थोडीशी.”

“पुरे. चला.”

हा ओरेस्त. पियानो वाजवायचा, रचनाही स्वतःच लिहायचा. पानं उलटणारा त्याचा मित्र तापाने फणफणला होता. मेलान्या त्याच्या डावीकडे बसली. तो मान हलवायचा, ती पान उलटायची. सगळं सुरळीत चाललं होतं. पण मध्येच त्याच्या कपाळावर एक बट आली, मेलान्याचं लक्ष तिकडे गेलं, आणि दोन पानं एकदम उलटली. ओरेस्तने डोळे विस्फारले आणि कशीबशी पुढच्या सुरांवर उडी घेतली.

“तुम्ही माझं वादळ गिळलंत,” नंतर तो म्हणाला.

“मी?”

“त्या पानांत कार्पेथियन डोंगरातलं वादळ होतं. अख्खा हिवाळा घातला होता त्यात.”

“लोकांनी तर कडकडून टाळ्या वाजवल्या.”

“तेच तर मनाला लागलंय… पुढच्या मैफलीला याल?”

“उरलेलं गिळायला?”

तो हसला, आणि मेलान्या तिथेच फसली.

मग ती प्रत्येक मैफलीला पानं उलटायला जाऊ लागली. नंतर कॉफी, कॉफीनंतर ट्रामच्या थांब्यापर्यंत चालणं. ओरेस्त हवेवर बोलायचा, पियानोच्या तारांवर बोलायचा… मुद्द्यावर काही यायचा नाही. मेलान्या मनातल्या मनात त्याला चिमटे काढायची. शेवटी सप्टेंबरात तो कानापर्यंत लाल होऊन म्हणाला, “शुक्रवारी जरा लवकर या. एक विचारायचंय.”

शुक्रवारी ती गावाहून, आईकडून येत होती. बस रखडली. धापा टाकत ती पडद्यामागे पोहोचली तेव्हा ओरेस्त कडक कॉलर घालून उभा होता. तिचे केस विस्कटलेले, आणि हातात आईने लापशीसाठी दिलेला भलामोठा भोपळा.

“हा जरा धरा,” असं म्हणून तिने तो त्याच्या हातात दिला आणि कंगवा शोधू लागली.

आता मागणी घालणाऱ्या मुलाच्या हाती भोपळा दिला की मुलीचा नकार, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मेलान्यालाही ठाऊक होतं. पण त्या क्षणी तिच्या डोक्यात फक्त कंगवा होता.

घंटा झाली. पांढराफटक पडलेला ओरेस्त भोपळ्यासकट मंचावर गेला आणि त्याने तो पियानोवर ठेवला. मेलान्या मागोमाग जाऊन आपल्या जागेवर बसली.

पहिल्या रांगेतल्या बाईंनी आधी भोपळ्याकडे पाहिलं, मग मेलान्याकडे, आणि “अरेरे” म्हणाल्या. तेव्हा कुठे मेलान्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

रचना तीच, वादळाची होती. पण नाचाचा भाग ओरेस्त असा वाजवत होता, जणू पुढे शवपेटी चाललीय.

“ओरेस्त, तो भोपळा लापशीचा आहे,” ती कुजबुजली.

“समजलं मला. पान उलटा.”

“काय समजलं, कपाळ? तुम्ही अजून विचारलंच नाहीत.”

त्याची बोटं अडखळली. “मग… विचारू?”

“वादळ सुरू व्हायच्या आत.”

पियानो आता गडगडू लागला होता. त्यावर आवाज चढवून तो ओरडला, “माझ्याशी लग्न कराल?” — आणि वादळापूर्वीची शांतता सुरू झाली. ती त्यानेच लिहिली होती, पण ऐनवेळी विसरला. शेवटचा शब्द पार बाल्कनीपर्यंत ऐकू गेला.

मेलान्याला “हो” म्हणायचं होतं. जीव तोडून म्हणायचं होतं. पण अख्खं सभागृह कान टवकारून बसलेलं. तिने हात पुढे केला आणि दोन पानं एकदम उलटली. या वेळी मुद्दाम.

समोर शेवटचं पान आलं. आता उलटायला काही उरलं नव्हतं. मेलान्या उठली, तिने पियानोवरचा भोपळा दोन्ही हातांनी उचलला आणि परत जागेवर येऊन स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली.

टाळ्यांचा एवढा कडकडाट झाला की ते शेवटचं पान कोणालाच ऐकू आलं नाही.