डावीकडचं रिकामं घर

केंड्रा टॅकेट पडवीच्या पायऱ्या चढून आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "लोरीनकाकू, माझ्या आईने माझ्या बाबांना मारलं का, एवढंच मला शोधून द्या."

लोरीन स्टॅम्पर शेंगा मोडत बसली होती. तिने टोपलं बाजूला सारलं आणि पोरीला हाताला धरून खुर्चीत बसवलं. बाजूला तिचा दीर डेल्मर कॉफी पीत होता. त्याचा कप हातातच राहिला.

आमच्या ब्लॅकओकमध्ये खाजगी गुप्तहेर म्हणाल तर लोरीन एकटीच. नवरा शेरीफच्या कचेरीत होता. तो गेल्यावर तिने स्वतःच्या नावाने परवाना काढला. डेल्मर शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. गाडी मी चालवतो आणि डोकं वहिनी चालवते, असं तो स्वतःच सांगत फिरतो. ते खरंही आहे.

झालं होतं ते गावभर सगळ्यांना ठाऊक होतं. हॉलिस टॅकेट मंगळवारी सकाळी स्वतःच्या स्वयंपाकघरात छातीत गोळी लागून गेला. गोळी त्याच्या बायकोच्या, नेल्डाच्या, नव्या रिव्हॉल्व्हरमधून सुटली होती. तीही तिच्या कोटाच्या खिशातून, खिसा जाळून. आणि तेव्हापासून नेल्डा एक अक्षर बोललेली नव्हती.

"बोलत नाही म्हणजे काय? तुझ्याशीसुद्धा नाही?" लोरीनने विचारलं.

"माझ्याकडे बघतसुद्धा नाही. शेरीफ म्हणतो, मातीचं उरकू दे, मग मला तिला न्यावंच लागेल. उद्या माती आहे काकू. मी उद्या कुणाच्या शेजारी उभी राहू? आईच्या, की खुन्याच्या?"

लोरीनने अंगावर स्वेटर चढवला आणि डेल्मरने किल्ल्या घेतल्या.

हॉलिस कोण होता ते सांगितलं पाहिजे. गावातल्या निम्म्या माणसांना त्याने बंदूक धरायला शिकवलं होतं. दर शरद ऋतूत शाळेच्या व्यायामशाळेत शिकारीचा वर्ग असायचा, आणि हॉलिसमास्तर पहिल्या दिवशी एकच वाक्य सगळ्यांकडून घोकून घ्यायचे: बंदूक रिकामी असली तरी माणसावर धरायची नाही. मीही घोकलंय, डेल्मरनेही घोकलंय. शेरीफ बर्चेटही त्याच वर्गातला.

कचेरीत शेरीफने काही लपवलं नाही. लोरीनच्या नवऱ्याच्या हाताखाली वाढलेला माणूस तो. त्याने फोटो टेबलावर मांडले. हॉलिस दाराजवळ पडलेला. हातात नेल्डाची औषधांची पिशवी. नाकातोंडावर लाल रुमाल, डोक्यामागे गाठ मारलेला.

"हा रुमाल कशाला?" लोरीनने विचारलं.

"शेगडीतली राख काढत असणार. धुरळा उडतो ना. तेवढ्यात ही निघाली कामाला, काहीतरी वाद झाला, त्याने पिशवी धरून ठेवली. हिने खिशातूनच चाप ओढला. त्याला रिव्हॉल्व्हर दिसलंसुद्धा नाही काकू. दाखवून मारणं वेगळं आणि असं मारणं वेगळं."

शेवटचा फोटो रिव्हॉल्व्हरच्या चक्राचा होता, मागच्या बाजूने काढलेला. गोळ्यांची पाच घरं. सगळ्यात वर, काडतुसावर आपटणाऱ्या घोड्याखालच्या घरात, उडालेलं काडतूस. त्याच्या डावीकडच्या घरात जिवंत गोळी. त्याच्याही डावीकडचं घर रिकामं. उरलेल्या दोन्हींत जिवंत गोळ्या.

"एक घर रिकामं कसं?"

शेरीफने खांदे उडवले. "बाईमाणसाने भरलंय. राहिलं असेल एक."

लोरीनने त्याच्याकडे असं बघितलं की तो फोटो गोळा करायला लागला.

तिथून ती दोघं हॉलिसच्या घरी गेली. टेबलावर शेजारच्या बायकांनी आणलेली भांडी रांगेने ठेवलेली, प्रत्येकीच्या बुडाला नावाची चिकटपट्टी, आणि कुणी कशाला हात लावलेला नव्हता. लोरीनने आधी शेगडीचं दार उघडलं. आत राख काठोकाठ. राखेची बादली रिकामी, फावड्यावर कोळ्याचं जाळं.

हॉलिसचा धाकटा भाऊ डोर्सी शेजारच्याच घरात राहायचा. तो दारात येऊन उभा राहिला. दोघा भावांत कुंपणावरून वर्षानुवर्षं अबोला होता, म्हणून डेल्मरने त्याच्याकडे जरा जास्तच रोखून पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? मी गोठ्यात होतो," डोर्सी म्हणाला. "पण ऐकलं सगळं. शेरीफला सांगितलंय तेच सांगतो. ती ओरडत होती, नको, मी नाही करणार, मला नाही जमणार. आणि हा खेकसत होता, ए म्हातारे, पिशवी दे मुकाट्याने. मग आवाज झाला."

"हॉलिस तिला म्हातारे म्हणायचा?"

डोर्सीने नकारार्थी मान हलवली. मग डोळे पुसत म्हणाला, "नेल म्हणायचा. उभ्या जन्मात आवाज चढवलेला नाही त्याने तिच्यावर. माझ्यावर चढवायचा. तिच्यावर कधी नाही. म्हणून तर मी जागचा हललो नाही. मला वाटलं, माझ्या कानांचाच काहीतरी घोळ झाला."

लोरीनने विचारलं, घरात दुसरं रिव्हॉल्व्हर आहे का. डोर्सीने पिठाच्या डब्यामागून एका फडक्यात गुंडाळलेलं जुनं काढून दिलं. त्यांच्या वडिलांचं. लोरीनने चक्र बाजूला न काढता मागच्या फटीतून पाहिलं. घोड्याच्या लगेच डावीकडचं घर रिकामं होतं.

"बाबांची शिस्त," डोर्सी म्हणाला. "घरात पोरंबाळं. एखाद्याने उचलून चाप ओढलाच, तर पहिला खटका नुसता वाजतो. तेवढ्यात मोठं माणूस धावून येतं. हॉलिसने ती शिस्त कधी मोडली नाही. त्याचं सगळं आयुष्य लांब बंदुकांत गेलं. रिव्हॉल्व्हर हाताळलं ते हे एकच."

गाडीत बसल्यावर डेल्मर म्हणाला, "वहिनी, मला तर तो डोर्सीच वाटतो. कुंपणाचं भांडण आहे."

"भावजी, गोळी नेल्डाच्या खिशातून सुटली. डोर्सी काय खिशात बसला होता?"

डेल्मरने गाडी सुरू केली.

इरा फ्यूगेटचं बंदुकांचं दुकान पुलाच्या अलीकडे. इरा गल्ल्यामागे आजाऱ्यासारखा बसला होता. रिव्हॉल्व्हर त्यानेच विकलेलं. नेल्डा घरोघरी जाऊन इंजेक्शनं देते, वेदनाशामक गोळ्या तिच्या पिशवीत असतात. मागच्या महिन्यात खोऱ्यातल्या रस्त्यावर एकाने गाडी अडवून पिशवी हिसकावली होती, तोंडाला रुमाल बांधून. म्हणून हॉलिस तिला इथे घेऊन आला.

"काय काय दाखवलंस?"

इराने कपाट उघडलं. एक अगदी हलकं, खिशात असल्याचं कळणारही नाही असं. "पण हलकं म्हणजे हिसका जबर. खिशाला बरं, मनगटाला वाईट. मास्तरांनीच नको म्हटलं." दुसरं जरा जड, पण त्याचा घोडा बाहेर. नेल्डाने खिशातून काढून पाहिलं तर अस्तरात अडकलं. तिसरं, घोडा आत झाकलेला, गुळगुळीत, कुठे अडकत नाही. तेच त्यांनी घेतलं. "वेळ आली तर खिशातूनही झाडता येतं, असं मीच सांगितलं. मीच. तिने कुठे विचारलं होतं?"

"तिने काय विचारलं?"

"एकच. माणसावर हे मला धरता तरी येईल का? मी म्हटलं, मागे मैदान आहे, चार गोळ्या झाडून बघा. मास्तर म्हणाले, आवाजाने दचकते ती, आधी घरी सराव करून घेतो. आता मास्तरांना मी काय शिकवणार काकू? मी त्यांच्याच वर्गातला."

लोरीनने हॉलिसच्या वडिलांच्या रिव्हॉल्व्हरच्या बनावटीचं एखादं जुनं आहे का विचारलं. इराने काढून दिलं. तिने ते आणि घोडा झाकलेलं, दोन्ही रिकामी असल्याची खात्री करून घेतली. मग दोन्ही नळ्या जमिनीकडे करून एकेकाचा चाप अगदी सावकाश ओढला आणि चक्राकडे बघत राहिली. पुन्हा ओढला. मग हळूच दोन्ही खाली ठेवली.

"वहिनी, घ्यायचं असेल तर ते जांभळ्या मुठीचं बघा, तुमच्या चपलांना मॅच होईल," डेल्मर म्हणाला. तिचा चेहरा बघून तो ओशाळला. लोरीनच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुपारी तिने सगळ्यांना हॉलिसच्याच स्वयंपाकघरात बोलावलं. शेरीफ दाराशी, डोर्सी भिंतीशी, केंड्रा आईपासून एक खुर्ची सोडून. नेल्डा हात मांडीवर घेऊन बसली होती. परक्याचे असावेत तसे ते हात तिने दूर धरले होते.

लोरीनने सुरुवात रुमालापासून केली. शेगडीची राख कुणी काढलेली नाही. मग हॉलिसने तोंडाला रुमाल का बांधला? नेल्डाला लुटणाऱ्याने बांधला होता म्हणून. पिशवी का धरली? त्यानेही तीच धरली होती म्हणून. आणि चाळीस वर्षं नेल म्हणणारा माणूस एकाएकी म्हातारे कसा म्हणाला?

"कारण ते हॉलिस बोलतच नव्हता," लोरीन म्हणाली. "तो चोर झाला होता. नाटक करत होता, नेल्डाचा हात बसावा म्हणून. ती कोट घालून कामाला निघाली होती, खिशात रिव्हॉल्व्हर होतं, आणि ती घाबरलेली होती. त्याला वाटलं, एकदा करून घ्यावं. ती म्हणाली, नको, मी नाही करणार. ते डोर्सीने ऐकलं."

"भरलेल्या रिव्हॉल्व्हरने?" शेरीफ म्हणाला. "हॉलिसमास्तर? काकू, मला हे पटवू नका."

"त्याच्या मते पहिला खटका रिकामा होता."

तिने स्वेटरच्या खिशातून चार शेंगा काढल्या आणि ताटलीत कडेने पाच जागा धरून ठेवल्या. पाचवी, वरच्या शेंगेच्या लगेच डावीकडची, मोकळी सोडली.

"हे वडिलांचं रिव्हॉल्व्हर. चाप ओढला की आधी चक्र एक घर फिरतं, मग घोडा पडतो. याचं चक्र उजवीकडे फिरतं." तिने ताटली उजवीकडे फिरवली. मोकळी जागा वर आली. "पहिला खटका नुसता वाजतो. हॉलिसची शिस्त बरोबर." मग ताटली पूर्ववत करून तिने डावीकडे फिरवली. शेंग वर आली. "हे नवीन. हे डावीकडे फिरतं. शेरीफ, तुझ्या फोटोत रिकामं घर कुठे आहे?"

शेरीफने फोटो काढला आणि ताटलीच्या शेजारी धरला. वरची उडालेली, मग एक जिवंत, मग रिकामं. ताटलीतही तेच होतं.

"एक घर राहून गेलेलं नव्हतं," लोरीन म्हणाली. "हॉलिसने ते स्वतःच्या हाताने सोडलं होतं. वडिलांनी शिकवलं तिथेच, डावीकडे. बंदूक बदलली, हाताची सवय बदलली नाही. आणि आयुष्यभर लोकांना जे करू नका म्हणून सांगितलं, ते त्याने एकदा केलं. बायकोची भीती घालवायला."

केंड्रा मधली खुर्ची ओलांडून आईच्या पायाशी बसली. "आई, अगं, मग बोलली का नाहीस? तुला घेऊन जाणार होते ते."

नेल्डाने तोंड उघडलं. आवाज घासलेला होता.

"काय बोलू? उद्या सगळा गाव येणार मातीला. सगळे त्याचे विद्यार्थी. मास्तर स्वतःच नियम विसरला, असं म्हणत शवपेटीजवळून जातील. माणसं हसतील गं त्याला. मला खुनी म्हणू देत. मी तर मारलंच आहे."

"तुम्ही नाही मारलंत," शेरीफ म्हणाला. त्याने टोपी काढून हातात घेतली होती. "हे मी सरकारी वकिलाला सांगेन. आणि गावात कोण हसतं ते मी बघतो."

डोर्सीने भिंतीकडे तोंड फिरवलं. डेल्मर, आमचा एवढा मोठा गडी, सिंकपाशी जाऊन उगाच नळ सोडून उभा राहिला. एका भल्या माणसाचा जीव त्याच्याच काळजीने घेतला, आणि सगळं उलगडूनही तो काही परत येणार नव्हता. लोरीनने ताटलीतल्या शेंगा गोळा करून मुठीत धरल्या.

"तो म्हणाला, पहिला रिकामा आहे नेल, मी भरलंय ना," नेल्डा सांगत होती, आता फक्त मुलीला. "मी म्हटलं, तुझ्यावर नाही धरवत. तर तो चोरासारखं बोलायला लागला. मला हसू यावं म्हणून. आलंही होतं मला हसू. हसतच ओढला मी."

केंड्राने तिचे दोन्ही हात उचलून स्वतःच्या गालांना लावले. नेल्डाने ते काढून घेतले नाहीत.

"तो हसत होता का गं?" तिने विचारलं. "मला दिसलंच नाही. तोंडावर रुमाल होता."