धरलेलं दार

खोक्यात एकूण चौदा वस्तू होत्या. खेळाचं यंत्र एक, कंट्रोलर दोन, मेमरी कार्ड एक, सीडी सहा, वायरी तीन आणि दादाची चौकटीची वही. धाकटीने त्या फरशीवर ओळीने मांडल्या आणि पाठकोऱ्या कागदावर यादी केली. मोजमापाची उपकरणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती वर्षभर नोकरीला होती, पण मोजायची खोड जुनीच. दादा तिला मोजपट्टी म्हणायचा तो काही उगाच नाही.

"यादी कसली करतेस?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "चार वाजता भंगारवाला येणार आहे. त्याच्याकडून पावती घेणार का?"

"हे भंगार नाही, आई."

"सोळा वर्षं माळ्यावर होतं. मग काय, दागिने आहेत?"

एका कंट्रोलरच्या गोल बटणावर लाल डाग होता. नऊ वर्षांची असताना आईचं नेलपॉलिश लावून, ते वाळायच्या आत ती खेळायला बसली होती. तिच्या अंगठ्याचा ठसा बटणावर कायमचा बसला. तिने पिशवीतून व्हर्निअर काढला. ठशाची रुंदी ११.२ मिलिमीटर. मग स्वतःचा अंगठा मोजला. १६.४. दोन्ही आकडे यादीखाली लिहिले.

सहावी सीडी त्या खेळाची होती. भूकंपाने नदीचा बांध फुटतो, शहरात पाणी शिरतं, आणि आपण जिवंत बाहेर पडायचं. पडद्यावरचा मजकूर परक्या भाषेत असायचा; दादा शब्दकोश घेऊन वहीत अर्थ लिहायचा. खेळाच्या शेवटाजवळ एक भुयार होतं. सोबतचा पिवळ्या हेल्मेटवाला आत जाऊन झडप बंद करतो, आणि तोवर जड लोखंडी दार आपण धरून ठेवायचं, म्हणजे गोल बटण दाबून ठेवायचं. पाणी गळ्याशी आलं की पडद्यावर सूचना येते. वहीत तिचा अर्थ होता: 'दार सोडा, पुढे चला.' आणि खाली दादाची नोंद: 'सोडावंच लागतं. तीन मिनिटांनी दोघंही बुडतात. सात वेळा करून पाहिलं.'

आठव्या वेळी कंट्रोलर धाकटीकडे होता. ती सोडत नव्हती. तेरा वर्षांचा दादा शेजारून ओरडत होता, "सोड गं, वेडी आहेस का!" तिने सोडलं. दार बंद झालं. दोन दिवस ती जेवली नाही, आणि पुन्हा कधी त्या खेळाला हात लावला नाही. पुढे दादा शहराच्या भूमिगत पंपघरात अभियंता झाला, तेव्हा ती म्हणाली होती, "झालास ना शेवटी हेल्मेटवाला?"

आज रविवार होता. दादाची ड्यूटी दोनला संपणार, मग तो जेवायला येणार होता. आता वाजला होता एक. तासाभरात एक जुनी गोष्ट मिटवून टाकू, असं म्हणत तिने वायरी जोडल्या.

मेमरी कार्डावर अर्धवट सोडलेल्या खेळाची एकच नोंद शिल्लक होती. भुयाराच्या तोंडाची.

चित्रं आठवत होती त्याहून ओबडधोबड निघाली. हेल्मेटवाल्याचा चेहरा म्हणजे चार चौकोन. तो आत गेला, तिने बटण दाबलं आणि घड्याळात पाहिलं. एक वाजून सहा मिनिटं.

पहिली गोष्ट तिच्या लक्षात आली ती भिंतीवरची पट्टी. पाण्याची पातळी दाखवणारी ती पट्टी पूर्वी नुसत्या रेघांची होती. आता तिच्यावर आकडे वाचता येत होते. ०.९०. पाहता पाहता ०.९५. इतक्या जुन्या खेळात इतकी बारीक अक्षरं दिसणं शक्य नव्हतं. ती टीव्हीजवळ सरकली. अक्षरं स्पष्टच होती.

मग हेल्मेटवाला वळला. हेल्मेटवर २७ आकडा होता.

दादाने नव्या हेल्मेटचा फोटो मागच्याच महिन्यात पाठवला होता. तोच आकडा. योगायोग, ती मनाशी म्हणाली. दोन अंकी संख्या असतातच किती? नव्वद.

हेल्मेटवाल्याने झडपेचं चाक सोडलं आणि मनगटाने उजवा कान खाजवला. दादा अडला की हेच करतो. शाळेत गणिताच्या पेपरात करायचा, परवा नळ दुरुस्त करताना केलं.

"आई," तिने हाक मारली, "दादाला फोन लाव."

"आत्ता? येईलच की तासाभरात."

"लाव ना."

आईने दोनदा लावला. "नॉट रीचेबल. आत पंपाच्या खोलीत असेल तो, तिथे कुठे रेंज असते?" ती दारात येऊन उभी राहिली. "आणि तू उठ बरं. पानं घ्यायचीत."

"मला हात सोडता येणार नाही."

"डोकं फिरलंय का? परत तेच? आता काय नऊ वर्षांची आहेस?"

"नाही," धाकटी म्हणाली. "म्हणूनच."

तीन मिनिटं झाली. दोघंही बुडायला हवे होते. पट्टीवर १.३० होते आणि हेल्मेटवाला छातीभर पाण्यात चाक फिरवत होता. सूचना आली.

'दार सोडा, पुढे चला.'

तिला ती सूचना वही न उघडता वाचता आली. मजकूर आपल्या भाषेत होता.

तळहाताला घाम सुटला. तिने दुसऱ्या हाताने अंगठ्यावर अंगठा दाबला. दहा मिनिटं. पंधरा. हात कोपरापर्यंत बधिर झाला. आई आता भिंतीला टेकून फोन लावत होती, परत परत.

पंखा थांबला. फ्रिजची घरघर थांबली.

"वीज गेली," आई म्हणाली.

टीव्ही चालू होता.

'सगळेच सोडतात.'

"सोडू देत."

१.५५. पडद्यावर पाण्याबाहेर फक्त हेल्मेट.

'तू सोडलं होतंस.'

"होतं," ती मोठ्याने म्हणाली. "दादाने सांगितलं म्हणून. आज तो इथे नाही सांगायला. तू कोण लागून गेलास?"

आई तिच्याजवळ येऊन बसली. तिने पडद्याकडे पाहिलं, हेल्मेटकडे पाहिलं. मग काही न विचारता लेकीच्या मनगटाला खालून आधार दिला.

पट्टीवरचा आकडा थांबला.

१.६०.

१.४०.

हेल्मेटवाला भिंत धरत, खोकत दारातून बाहेर आला.

पडदा काळा झाला. एक वाजून चव्वेचाळीस मिनिटं. तिने अंगठा उचलला, तर तो सरळच होईना.

दोनला दहा कमी असताना धाकटीचा फोन वाजला. आईने स्पीकर लावला.

"मोजपट्टी," दादाचा आवाज बसला होता. "आईला सांगू नकोस हं."

"आई ऐकतेय," आई म्हणाली.

मग त्याने सांगितलं. पंपाच्या खोलीत झडप निसटून पाणी आलं. रविवार, खाली तो एकटाच. घाईत दाराला पाचर न लावता आत शिरला. "पाच वर्षं पोरांना ओरडतोय, पाचर लावल्याशिवाय आत पाय टाकू नका. आणि मीच! ते दार आपल्या वजनाने मिटतं गं. मिटलं की आतून उघडत नाही. अर्ध्या तासाहून जास्त वेळ आत होतो. ते उघडंच राहिलं."

"कुणी धरलं होतं?"

"इथे चिटपाखरू नव्हतं. पण दाराला काल लाल रंग दिलाय, ओलाच आहे. बाहेरच्या कडेवर ठसा उमटलाय. एकाच अंगठ्याचा."

आईने तोंडाला पदर लावला.

"तुझ्याकडे व्हर्निअर आहे ना, मी दिलेला?" धाकटीने विचारलं.

"खिशात आहे. का?"

"मोज."

"आत्ता? अगं, मी अजून कापतोय."

"कापत कापत मोज. मी थांबते."

बुटांतल्या पाण्याचा पचपच आवाज ऐकू येत राहिला, मग थांबला. तिने यादीचा कागद पुढे ओढला आणि डाव्या हातात पेन घेतलं.

"हं, लिही," दादा म्हणाला. "अकरा पूर्णांक दोन."