काटकोनातली पानं

बायको गेल्यावर वर्षभराने मी ती जंगलातली जागा घेतली. चाळीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढले, आता एक आपला काढावा, एवढंच मनात होतं. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तिथे हाक मारली तर ओ द्यायला कुणी नाही."

"इथे तरी कोण देतंय?" मी म्हटलं.

वस्ती विरळ. सगळ्यात जवळचं घर मधमाश्या पाळणाऱ्या एका बाईंचं, तेही अर्ध्या तासाच्या पायवाटेवर.

पहिल्या रविवारी टेप घेऊन गेलो. झाडांखाली घोटाभर पानं साचली होती. मधला एक चौकोन मात्र लख्ख मोकळा, वर फांद्या दाट असूनही. मोजला. अठ्ठावीस फूट बाय बावीस. वाऱ्याचं काम असेल, म्हटलं. पण वारा काटकोनात वळत नाही, एवढं मला कळत होतं.

पुढच्या रविवारी त्या चौकोनात पानांच्या वीतभर रुंद रांगा होत्या, भिंती आखाव्यात तशा. दोन खोल्या, स्वयंपाकघर, दारांच्या जागी फटी. मी रांग न ओलांडता फटीतूनच आत गेलो आणि स्वतःलाच हसलो. आत पाखरांचा आवाज येत नव्हता.

मी तो चौकोन सोडून, पाया जागेच्या कडेने वाहणाऱ्या ओढ्याच्या बाजूला धरायचं ठरवलं. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. आठवड्याने आलो तर खुंट्या जागच्या जागी होत्या, पण चौकोनाला आणखी एक खोली जोडलेली. तिच्यात भिंतीलगत पानांचा जाड थर, माणसाच्या लांबीचा. हात लावला. कोमट लागला.

तेव्हाच निघायला हवं होतं. पण निघून तरी काय, बंद घराचं कुलूपच उघडायचं होतं. मी त्या पानांवर आडवा झालो. वर्षभरात पहिल्यांदा गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. मधवाल्या बाई फटीबाहेर उभ्या होत्या. चपला काढून ठेवलेल्या.

"येऊ का?"

"या ना," मी उठून बसलो.

त्या हलल्या नाहीत. माझ्या खांद्यावरून स्वयंपाकघराकडे बघत राहिल्या.

"तुम्हाला नाही विचारलं," त्या हळूच म्हणाल्या.

थोडा वेळ थांबल्या. मग मान डोलावली आणि आत आल्या.