आधी महिना, मग दिवस

“चला की जल्दी! विहिरीचं पाणी आटल्यावर पोहायचं का?” मच्छिंद्र दारातूनच ओरडला. सुट्टीसाठी तो वडीगोद्रीहून परतूरला मामाकडे आला होता.

“हळू बोल!” त्याची मामेबहीण प्रभावती म्हणाली. “ताई रडून राह्यली.”

प्रभावतीच्या थोरल्या बहिणीचा, सगुणाताईचा, नर्सिंगचा ऑनलाइन अर्ज बाद झाला होता. कारण दिलं होतं, ‘वय कमी’. अट सतरा पूर्णची होती आणि ताईला मे महिन्यातच सतरा पूर्ण झाली होती! वडिलांनी बजावलं होतं, औंदा नंबर लागला नाही तर शिक्षण बंद.

“ताईच्या मैत्रिणीचा, गिरिजाचाबी बाद झाला,” प्रभावतीचा धाकटा भाऊ वसंता म्हणाला. “तीबी सतराची हाय. अन् त्यांच्या वर्गातल्या बेबीनंदाचा मात्र घेतला! तिघींनी सर्जेरावकाकाकडंच भरले.”

पोहणं तिथंच राहिलं. तिघं धावत सर्जेरावांच्या नेट कॅफेत शिरले.

“सर्व्हरची गलती!” मोबाइल कानाला लावूनच सर्जेराव म्हणाले. “दुरुस्तीची मुदत आज पाचला संपती. आता काय व्हत न्हाई.”

“आज? अन् तुम्ही सांगितलंबी न्हाई?” प्रभावतीला रडूच फुटलं. “निदान ताईचा अर्ज तरी दाखवा!”

कुरकुरत त्यांनी अर्ज उघडला. जन्मतारीख होती १२/०५/१९९१.

“बराबर तर हाय!” वसंता हिरमुसला.

मच्छिंद्रनं पडद्याला नाक लावलं. रकान्याखाली फिकट, बारीक इंग्रजी अक्षरं होती. “एमएम, मंग डीडी... अरे, आधी महिना, मंग दिवस! बारा मे न्हाई, पाच डिसेंबर झाली ही!”

“म्हणून ताई लहान ठरली!” प्रभावती किंचाळली. “गिरिजाची नऊ एप्रिल. तिचंबी उलटंच झालं! मंग बेबीनंदाचा कसा घेतला?”

सर्जेरावांनी डोकं खाजवलं. “तिची तारीख सत्तावीस. ती टाकली तर लाल अक्षरं आली, मंग मी उलटं टाकून दिलं.”

“सत्तावीस महिने नसतात ना, काका!”

सर्जेरावांचा मोबाइल आपोआप खाली आला.

वसंता दोघींना निरोप देऊन गिरिजाला घेऊन आला. ताई मात्र दहावीचं प्रमाणपत्र शोधत घरीच अडकली, म्हणून गिरिजाचा अर्ज आधी घेतला. दुरुस्ती म्हणजे सगळा अर्ज नव्यानं भरायचा होता.

“तांबडी चांदणी असलेला रकाना रिकामा ठेवायचा न्हाई!” मच्छिंद्र बजावत होता. “जिल्हा यादीतून निवड. गोलात एकच खूण करायची, चौकोनात लागतील तेवढ्या. तारीख?”

“चार, मंग नऊ!” प्रभावती आणि वसंता एकदम ओरडले.

अर्ज गेला! गिरिजा प्रभावतीच्या गळ्यातच पडली.

ताई धापा टाकत आली तेव्हा पाच वाजत आले होते. तिनं एकेक रकाना भरला. पाच, मग बारा. तारीख दोनदा तपासली.

“झालं! सरक, मी पाठवतो,” म्हणत सर्जेरावांनी घाईनं माऊस ओढून घेतला. खाली दोन बटणं शेजारी शेजारी होती.

“काका, ते न्हाई! ते रिसेट हाय!”

टिक. सगळे रकाने कोरे झाले.

“पुन्हा भर, ताई! भर जल्दी!” वसंता रडत म्हणाला. ताईनं नावाची पहिली अक्षरं टाइप केली आणि लाईट गेली.

लाईट आली तेव्हा पडद्यावर एकच ओळ होती : ‘मुदत संपली आहे.’

संध्याकाळी शाळेचे अप्पाराव सर आणि गिरिजाचे वडील घरी आले. “शाब्बास पोरांनो!” सर म्हणाले. “आम्हा मोठ्यांना जे दिसलं नाही, ते तुम्ही हुडकलंत!” गिरिजाच्या वडिलांनी पेढे वाटले. सर्जेराव उंबऱ्याबाहेरच मान खाली घालून उभे होते. त्यांना कुणी आत बोलावलं नाही. प्रभावतीनं हातातला पेढा परत ठेवून दिला.

ती आतल्या खोलीत गेली. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“गिरिजाचा गेला ना बराबर?” तिनं विचारलं.

“गेला.”

“होस्टेलचा फॉर्म येगळा असतोय. त्यातबी तारीख बघून टाक म्हणावं तिला,” ताई म्हणाली आणि तिनं ओढणी तोंडावर ओढून घेतली.