जांभळं तळघर

"माझी फांदी कोणी ओढली?" राडिम ओरडला.

ओढणारं कोणीच नव्हतं. येत्या ईस्टरच्या सोमवारी रिवाजाप्रमाणे मुलींना हलकेच फटकावायची छडी विणायला तिघं तळ्याकाठी वाळुंजाच्या फांद्या तोडत होती. राडिमच्या हातून निसटलेली एक फांदी काठालगतच्या पाण्यात गोल फिरली आणि गडप झाली. त्याच्या बहिणीने, वेंडुलाने, मुद्दाम दुसरी टाकली. तीही गिरकी घेऊन आत गेली.

"बरं झालं," शेजारची ब्येत्का म्हणाली. "तेवढेच दोन फटके वाचले."

वेंडुलाला मात्र हसू आलं नाही. हे तळं म्हणजे पूर्वीची कोळशाची उघडी खाण. त्या अवाढव्य खड्ड्यात नदीचं पाणी सोडून पोहण्याची, होड्यांची जागा करायचं काम चाललं होतं. धक्का बांधून तयार होता, पण हिवाळा संपल्यापासून पाणी वर चढायचं नावच घेत नव्हतं. आणि नेमकं तेव्हापासूनच खालच्या उतारावर राहणाऱ्या झ्देना आत्याच्या तळघरात पाणी येऊ लागलं होतं. बटाटे कुजले, काकड्यांच्या लोणच्याच्या बरण्या तरंगू लागल्या. तळ्याच्या कामावरचे ह्रुबेशसाहेब येऊन सांगून गेले की नळ तुमचाच फुटलाय, घर आता राहण्याजोगं नाही, शहरात फ्लॅट बघा.

आत्या लहान असताना तिचं गाव याच खाणीत गेलं होतं. "एकदा कोळशापायी उठले, आता पाण्यापायी उठणार नाही," असं ती ठणकावून म्हणाली खरी. पण काल ती गुपचूप ताटं-वाट्या खोक्यात भरताना वेंडुलाने पाहिलं होतं, आणि तेव्हापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

फांद्या जातात तिकडे पाणीही जात असणार. ब्येत्काने घरून अंडी रंगवायचा लाल रंग पळवून आणला आणि तिघांनी तो भोवऱ्यात ओतला. दुपारी आत्याच्या तळघरात लालभडक पाणी! तिघं धावत साहेबांकडे गेली. साहेब पोट धरून हसले. अंडी रंगवून झाल्यावर आज घरोघरी लालच पाणी सांडतंय, म्हणाले, त्यात नवल ते काय?

आता मात्र वेंडुला चिडली. सोमवारी रिवाजाप्रमाणे साहेब छडी घेऊन आत्याच्या दारी आले, तेव्हा वेंडुलाने फटक्याच्या बदल्यात द्यायचं रंगवलेलं अंडं पाठीमागे लपवलं.

"अंडं मिळेल, पण आधी पैज. रंग तुम्ही निवडा, ओता तुम्ही. तळघराला कुलूप लावा आणि किल्ली तुमच्याच खिशात ठेवा. तोच रंग खाली आला, तर पाणी तळ्याचं हे कबूल करायचं."

"आणि मी जिंकलो तर?"

"तर आत्याचं सामान बांधायला मी स्वतः मदत करीन," वेंडुला म्हणाली.

साहेबांनी हसतच जांभळा रंग निवडला, कारण तो कोणाच्याच घरी नव्हता. दुकानदाराला झोपेतून उठवून तो विकत आणावा लागला. त्यांनी तो स्वतःच्या हाताने भोवऱ्यात ओतला. मग आत्याकडचा गोड पाव खात, किल्ली खिशात वाजवत दुपारपर्यंत आरामात बसले. वेंडुला मात्र तळघराच्या दारासमोरून हलली नाही.

शेवटी साहेबांनी कुलूप काढलं आणि ऐटीत पायऱ्या उतरले. खालची पायरी पाण्याखाली आहे हे ते विसरले. धप्प असा आवाज आला. ते वर आले तेव्हा त्यांची पांढरी पँट गुडघ्यापर्यंत जांभळी झाली होती.

"झ्देनाबाई," ते खाली मान घालून म्हणाले, "नळ तुमचा नाही. भोक आमचं आहे."

खाणीतलं पाणी बाहेर काढायचा, आत्याच्या घराजवळून जाणारा एक जुना बोगदा बुजवायचा राहून गेला होता. तो बुजवल्यावर तळघर कोरडं झालं आणि तळं भराभर चढलं. उन्हाळ्यात तळं खुलं झालं तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर तिघांचं तोंडभरून कौतुक केलं. एवढे शिकलेले आम्ही, पण शोध या पोरांनी लावला, असं ते म्हणाले. राडिमने त्यांच्या पँटची चौकशी केली.

आत्या इतक्या वर्षांत या काठावर कधी फिरकली नव्हती. आज ती धक्क्यावर बसली, बूट काढले, पाय पाण्यात सोडले आणि दूर पोहत गेलेल्या वेंडुलाकडे बराच वेळ बघत राहिली.

"अजून थोडी डावीकडे जा गं," तिने हाक मारली. "हं, तिथेच. आता तू आमच्या अंगणात आहेस."