कोपराचं माप

दर रविवारी अकरा वाजता आम्ही मूल गावच्या बाजारात वहाबभाईंच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात जमतो. वहाबभाई, पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारी दिव्यानी, मी आणि आणखी दोनतीन रिकामटेकडे. भंगारातून स्वस्तातले रोबो करायचे, हा आमचा छंद. ट्रकच्या वायपरची मोटार, स्कुटीची चाकं, जुन्या यूपीएसची बॅटरी. त्यापेक्षा पत्ते खेळले असते तर घरात कचरा तरी आला नसता, असं बायको म्हणते. मी वायरमन आहे. फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग, यापलीकडं चौथं काही मी मानत नव्हतो.

बासाठी गाडा करायचा हट्ट माझा. बा म्हणजे माझे वडील उमाजी, जन्मभर गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, जाळं टाकलेला ढिवर. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले आणि तो ओसरीवरच्या खाटेला चिकटला. त्याला एकच पाहिजे होतं, कुणाचं बोट न धरता तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसायचं. त्याला खाटेवर बसलेला पाहून माझा जीव तुटायचा.

गाड्याला दिसत नव्हतंच. दांडीवरची बटणं दाबत रस्ता एकदा चालवून दाखवायचा. चाकांचे फेरे, वळणं, थांबे, सगळं तो ध्यानात ठेवतो आणि जातानाच्या फेऱ्यांचा आकडा छोट्या पडद्यावर दाखवतो. मग आंधळ्यानं नुसती दांडी धरली की तोच रस्ता चालतो, तसाच परत आणतो. दांडी खालीवर करायला सात भोकं होती. ज्याच्यासाठी गाडा, त्याच्या कोपराचं माप घ्यायचं आणि त्या उंचीच्या भोकात खिळा घालायचा. बाचं भोक तिसरं. रस्ता शिकवताना मी खिळा पाचव्यात घातला होता, ते माझं. वहाबभाईंचा एक नियम होता. शिकवताना दांडीला दुसऱ्या कुणाचा हात लागला तर सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून शिकवायचं.

एप्रिलमधल्या एका दुपारी मी रस्ता शिकवला. घर, देऊळ, पाळ, पाळीवरचं मोहाचं झाड. चारशे बारा फेरे. झाडाजवळ पोचता पोचता दांडी जड झाली, डावीकडून कुणी धरावी तशी. मी वळून पाहिलं. पाळ मोकळी होती. डोकं तापलं होतं, परत घरी जाऊन सुरुवात करायचा कंटाळा आला. कुणी दिसलंच नाही तर पुसायचं कशाला, असं म्हणून मी शिकवलेलं तसंच ठेवलं.

बा खूश होता. आठ दिवस एकटा जाऊन आला. नवव्या दिवशी परतला तेव्हा त्याचे पाय घोट्यापर्यंत चिखलात माखले होते. मी फेरे पाहिले. चारशे एकोणीस. दुसऱ्या दिवशी चारशे सव्वीस. चाक झिजलं तर गाडा अलीकडं थांबायला हवा, पुढं जायचं काही कारण नव्हतं. आणि झाडापुढं उतार होता, उताराखाली पाणी.

“बा, झाडाच्या पुढं काऊन गेला?”

“मी नाई गेलो. हात नेते.”

“कोनाचा हात?”

“दांडीवर माया हाताच्या बाजूले एक हात असते. थंडा. मले वाटलं, तू सुट्टी टाकून येऊन राह्यला.”

“मी कामावर असतो, बा.”

त्याचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाला, “जाऊ दे ना. चांगलं धरते.”

मी सगळं पुसलं. शून्य दिसेपर्यंत पुसलं. सकाळी पाहिलं तर चारशे तेहतीस. गाडा उचलून वहाबभाईंकडं नेला आणि शिकवताना दांडी जड झाली होती, तेही सांगितलं. त्यांनी तो पूर्ण उघडला, तासभर तपासला आणि पुन्हा बंद केला.

“वायरिंग ठीक हाये,” ते म्हणाले. “दांडी जड लागली, तवाच पुसाचं होतं, सूरज. आता पुसून काई फायदा नाई.”

घरी आल्यावर मी बॅटरी काढून माझ्या कामाच्या पिशवीत टाकली. वायपरची मोटार अशी असते की करंट नसेल तर चाक ढकलूनही हलत नाही. गाडा ओसरीला टेकवला आणि त्या दिवशी मला शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी खांबावर होतो. शेजारच्या धुरपताबाईंचा फोन आला. “सूरजभाऊ, तुमचे बा तलावाकडं गेले. गाडा घेऊन.”

मी मोटारसायकल पाळीखाली टाकली आणि धावत वर चढलो. पिशवीतली बॅटरी कमरेवर आपटत होती.

गाडा उतारावरून चालला होता. माणसाच्या चालीनं, सरळ.

बानं दांडी उजव्या टोकाला धरली होती. खाटेवर कुणाला बसायला द्यावं तशी डावीकडं जागा सोडली होती.

मी ओरडलो. त्यानं मान वळवली, पण माझ्याकडं नाही. डावीकडं पाहून तो काहीतरी बोलला आणि हसला.

मी धावत होतो. उतार चाळीस फेऱ्यांचाही नव्हता. तो मला संपेना.

पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं. मग कमरेला.

मग नुसतं पाणी होतं.

उन्हाळ्यात त्या तलावात कुठंही कमरेच्या वर पाणी नसतं. ढिवरांनी दोन दिवस जाळी ओढली. बा सापडला नाही, गाडाही नाही. माझ्या हातानं शिकवलेल्या रस्त्यानं तो गेला, हे मी कुणाला सांगू शकलो नाही.

तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं. गाडा अंगणात उभा होता. बॅटरी अजून माझ्या पिशवीत आहे.

दांडीचं डावं टोक ओलं होतं. उजवीकडं वीतभर जागा कोरडी होती. मी खिळा पाहिला. माझ्या भोकात होता. तो काढून तिसऱ्या भोकात घातला. काल घातला, आजही घातला.

आत्ता तो पाचव्यात आहे.