समोरच्या थाळीपाशी कुणी नव्हतं

आधीच सांगते, माझा भुतांवर विश्वास नव्हता. आणि विश्वास नसण्याचाच मला पगार मिळत होता.

नवी मुंबईतल्या एका विज्ञान केंद्रात मी शिक्षण अधिकारी होते. केंद्राचं नाव सांगणार नाही. ते अजून चालू आहे आणि तुमची मुलं तिथे सहलीला जात असतील. माणसांची नावं बदलली आहेत. बाकी जे घडलं ते तसंच लिहिते आहे. मीठमसाला लावायची मला सवय नाही.

१९९६ सालचा डिसेंबर. शनिवारची संध्याकाळ. चांगला उजेड होता. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती, मी नंतर मुद्दाम कॅलेंडर पाहिलं.

केंद्राच्या मागे, खाडीच्या अंगाला, आमची विज्ञान बाग होती. पूर्वी तिथे मिठागर होतं. बागेच्या दोन टोकांना सिमेंटच्या दोन खोलगट थाळ्या उभ्या होत्या, माणसापेक्षा उंच, एकमेकींकडे तोंड केलेल्या. प्रत्येकीसमोर एक ओटा आणि एक लोखंडी कडं. इकडच्या कड्यात तोंड घालून हळूच बोललं, की पलीकडच्या कड्याला कान लावलेल्या माणसाला ते स्पष्ट ऐकू येतं. मध्ये उभा असेल त्याला काहीच नाही.

जादू नाही. आवाज थाळीवर आपटतो, सरळ समोर जातो आणि तिकडे गोळा होतो. मी हे मुलांना रोज सांगायचे.

त्या थाळ्या बांधल्या होत्या अब्दुर्रहमान मुकादम यांनी. उरणजवळच्या मोऱ्याचे. आमचे तांत्रिक प्रमुख. केंद्रातलं फिरणारं, उडणारं, चमकणारं सगळं त्यांच्या हातचं.

आणि संचालक होते निंबाळकर सर. साताऱ्याकडचे, आधी कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. गावोगाव जाऊन बुवाबाबांची पोल खोलायचे, तापल्या तेलात हात घालून दाखवायचे. माझा त्यांच्यावर देवापेक्षा जास्त विश्वास होता. हे लिहिताना आता माझंच मला हसू येतं.

सर मार्चमध्ये निवृत्त होणार होते. पुढचा संचालक नेमणार केंद्राचं नियामक मंडळ, पण मंडळ नावालाच. सर बोट दाखवतील तो संचालक. आणि सर कित्येक वर्षं चारचौघांत मुकादमांच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "माझ्यानंतर हा." त्या एका वाक्याच्या भरवशावर मुकादमांनी दुबईची नोकरी नाकारली होती.

तर त्या शनिवारी...

कळंबोलीच्या एका शाळेची सहल होती. बस निघाली आणि एका पोरीची वॉटरबॅग बागेत राहिली म्हणून मी मागे गेले. अलीकडच्या थाळीच्या ओट्यावर ती दिसली. उचलायला वाकले. माझा कान कड्याजवळ आला.

रातकिडे किरकिरत होते.

अचानक थांबले...

सगळे. एकदम.

आणि कड्यातून कुजबूज आली.

"मुकादमाला संचालक करायचं नाही."

कुजबुजीला बाई-पुरुष नसतो. आवाज कुणाचा ते कळत नाही. मला वाटलं, कुणीतरी पलीकडे बसून फोनवर बोलावं तसं बोलतंय. मी मान वर केली.

समोरच्या थाळीपाशी कुणी नव्हतं.

मी चालत तिकडे गेले. मागे कुंपण, कुंपणापलीकडे चिखल. लपायला झुडूपसुद्धा नाही. पण ओटा ओला होता... कुणी चिंब कपड्यांनी तिथे बसून नुकतंच उठून गेल्यासारखा. त्या बाजूला नळ नाही. मी बोट लावलं, चाटून पाहिलं. खारट.

सकाळी झाडायला येणाऱ्या राहीबाईंना विचारलं. त्या जवळच्याच गावातल्या, त्यांचे सासरे ह्याच मिठागरात राबलेले.

"कोन बसतं म्हाईत नाय मॅडम," त्या म्हणाल्या. "मी रोज पुसतंय, रोज वला हाय. मीठ धरतं वर."

"मग सांगितलं का नाही?"

"कोनाला सांगू? तुमी लोकं हसनार."

बरोबरच होतं. मी हसलेच असते.

रविवारी मी सरांना सगळं सांगितलं. वाटलं, ते म्हणतील, काय खुळ्यासारखं बोलताय. पण सरांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

कोण बोललं, हे त्यांनी विचारलंच नाही.

विचारलं ते एवढंच... "आणखी कुणी ऐकलं का?"

तिथे माझ्या मनात पहिल्यांदा शंका आली.

दुपारी पाहते तर मुकादम सरांच्या केबिनमध्ये स्टुलावर चढून पंख्याची वाटी काढतायत. फोन खोलून ठेवलेला. सर दारात उभे.

बाहेर आल्यावर मुकादम मला हळूच म्हणाले, "मॅडम, सरांना झालंय काय? बोलले, केबिनमधी माईक हाय का बघ. कोन लावनार माईक? टेन्शन घेऊन घेऊन डोकं फिरलंय त्यांचं."

माईक सापडला नाही. आणि सर मला म्हणाले, "ज्यानं लावला, त्यालाच शोधायला सांगितल्यावर सापडणार कसा?"

आठ-दहा वर्षं ज्याच्या डब्यातलं खाल्लं त्या माणसाविषयी सर हे बोलत होते.

सोमवारी केंद्राला सुट्टी. सरांनी मुकादमांना बेअरिंग आणायला तुर्भ्याला पाठवलं आणि मला बागेत बोलावलं. भर दुपार होती. शिकल्यासवरल्या माणसांसारखं आम्ही रीतसर करायचं ठरवलं. पलीकडच्या थाळीत गाद्या कोंबल्या, वरून ताडपत्री बांधली. आता तिकडून आवाज येणं शक्यच नव्हतं. वायर असेल तर अलीकडेच असणार.

मी कड्याला कान लावला. सर बागेच्या मध्यावर उभे राहिले.

काही नाही.

कावळा ओरडत होता. रस्त्यावरून ट्रक जात होते.

मग कावळा गप्प झाला... ट्रकचा आवाजही कुठेतरी गेला.

"ही पण त्याला सामील आहे."

मी सरांकडे पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले होते. ते माझ्याकडेच पाहत होते.

"काय ऐकलंत?"

"काही नाही, सर."

"खोटं बोलू नका. सरका बाजूला."

ते स्वतः बसले. मी दोन पावलं मागे झाले. मला त्या क्षणी एवढंच वाटत होतं, की खोटं मी बोलत नाही, सर बोलतायत. मुकादमांना डावलायचं त्यांनी कधीच ठरवलंय.

सरांनी कान लावला. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"असं वाटतं तुम्हाला माझ्याबद्दल?"

मी एक शब्दही बोलले नव्हते.

अंगावर काटा आला म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळलं. आम्ही दोघं उन्हात उभे होतो आणि मला हुडहुडी भरली होती. वाटलं, आता तरी सर म्हणतील, सुनयना, हे काहीतरी वेगळंच आहे. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला.

"वायर आहे," ते म्हणाले. "कुठंतरी वायर आहे. त्यानंच केलंय."

"सर, मनातलं वायरीतून कसं येईल?"

"तुम्ही पुटपुटलात."

पुटपुटले असेन? त्या दिवसापासून मी ओठ आवळून चालायला लागले. खरं सांगते, पुढचे दोन-तीन दिवस केंद्रात नीट श्वाससुद्धा घेता येत नव्हता. सर माझ्यासमोर फोन घेईनात. मी मुकादमांच्या डोळ्याला डोळा देईना. चहाच्या वेळी तिघं एका टेबलाशी बसायचो आणि जो तो दुसऱ्याच्या कपाळाकडे बघायचा. जे कळलं होतं ते मुकादमांना सांगावं, तर कोणत्या तोंडाने सांगणार? आणि ते खरंच होतं कशावरून? त्या थाळीची खात्री कुणी द्यायची?

गुरुवारी संध्याकाळी सरांनी मुकादमांना बोलावलं. मलाही बसवून घेतलं. दुसऱ्या दिवशी मंडळाची बैठक होती.

"मुकादम, तुम्ही माझ्या केबिनमध्ये माईक लावलात. वायर थाळीपर्यंत नेलीत. उद्या मला हे मंडळापुढं सांगावं लागेल."

मुकादम आधी हसले. सर गंमत करतायत असं वाटलं त्यांना. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसू गेलं.

"सर, मी कशाला ऐकू तुमचं? असं काय बोलता तुमी केबिनमधी, जे मी ऐकायला नको?"

सरांनी समोरची फाईल सरळ करून ठेवली.

"सांगा ना सर."



मुकादम उठले. "चला बागेत. थाळी माझ्या हातची हाय. एक इंच वायर दाखवा, मी आत्ता नोकरी सोडतो. पन चोर बोलू नका मला."

त्यांनी वर्कशॉपमधून पहार आणली. आम्ही बघत उभे. अलीकडच्या ओट्याच्या कडेने त्यांनी सगळं खणून काढलं. कड्याभोवतीचं सिमेंट फोडलं. स्वतःच्या हाताने घोटून घोटून गुळगुळीत केलेलं सिमेंट. वायर नव्हती. माती होती आणि खाली पांढरट खारा चिखल.

घामाघूम झाले होते. "बघा," म्हणाले. "बघा ना या इकडं." आणि कड्याच्या आत काही दिसतं का म्हणून ते वाकले. कान कड्याजवळ गेला.

मी ओरडणार होते, नका वाकू...

रातकिडे थांबले.

मुकादम वाकलेलेच राहिले. बराच वेळ. मागे आम्ही दोघंच, सर आणि मी. समोरच्या थाळीवर ताडपत्री तशीच बांधलेली होती. पण तिच्यापुढच्या ओट्यावरून पाणी ओघळत खाली येत होतं. मी बघत होते आणि ते येतच होतं.

मुकादम सरळ झाले.

"मुकादम, ते खोटं आहे," सर घाईघाईने म्हणाले. "माझ्या असं कधी मनातसुद्धा आलेलं नाही."

"काय खोटं हाय, सर?" मुकादमांचा आवाज अगदी शांत होता. "मी काय ऐकलं, ते मी सांगितलंच नाही अजून."

सर एक पाऊल मागे सरले.

"माझं नाव दुसरं काय असतं, तर चाललं असतं ना मी? खुर्चीवर हे नाव नको. इतकंच ना?"

ज्या माणसाने आयुष्यभर गावोगाव सांगितलं, की माणूस सगळा एकच, तो माणूस मान खाली घालून उभा होता. मला त्यांचा इतका राग आला, की रडू येईल असं वाटलं.

मुकादमांनी पहार थाळीला टेकवून ठेवली. जायला वळले. मग थांबले आणि माझ्याकडे पाहिलं.

"आनि मॅडम... तुमी पन?"

"मी काय?" मी म्हणाले. "मुकादम, काय ऐकलंत तुम्ही? सांगा तरी!"

ते थांबले नाहीत. फाटकातून सरळ बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. वर्कशॉपमधली हत्यारंसुद्धा न्यायला आले नाहीत.

मंडळाला सांगितलं गेलं, की त्यांनी स्वखुशीने नोकरी सोडली. मंडळाने सरांचीच मुदत वाढवली. सर मात्र बागेत पुन्हा कधी गेले नाहीत, पाहुणे आले तरी आतूनच वाटेला लावायचे. तापल्या तेलात हात घालायचा प्रयोगही त्यांनी सोडून दिला. का, ते मी विचारलं नाही.

चार-पाच वर्षांनी मी मोऱ्याच्या धक्क्यावर बसले होते, लाँचची वाट बघत. तिथे मुकादमांच्या बायकोने, नफिसाने, मला ओळखलं. शेजारी येऊन बसली. मुकादम आता होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात, म्हणाली. दुकान तिथून दिसत होतं. ते आत होते. मला पाहिलं असावं, पण बाहेर आले नाहीत.

"मॅडम, एक विचारू?" नफिसा म्हणाली. "सरांचं काय ते मला सांगितलं त्यांनी. पन तुमचं नाही सांगत. कितीदा विचारलं. बोलतात, मॅडमना म्हाईत हाय."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मला माहीत नव्हतं. आजही नाही. त्या संध्याकाळी मी त्यांच्या मागे उभी होते आणि माझ्या मनात त्यांच्याविषयी वाईट काही नव्हतं... असं मला वाटतं. ते जे काही होतं ते खोटं बोलत असेल, आम्हाला एकमेकांत लावून देत असेल, असं मी स्वतःला सांगून बघते. पण मग सरांचं तेवढं खरं कसं निघालं?

यातलं मी नफिसाला काही बोलले नाही. म्हणाले, "काही नाही गं. काहीतरी गैरसमज झाला त्यांचा."

"हां," ती म्हणाली.

आणि बसल्या जागी माझ्यापासून थोडी लांब सरकली.